मैमूनाआपांचा बायलर

मैमूनाआपांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या हातातला बायलरच्या नकाशाचा कागद त्यांनी आधी उलटा धरला, मग सुलटा केला, मग मला परत दिला आणि विचारलं, "यात शिजवणार काय?"

"काही नाही. पाणी उकळायचं."

"निस्तं पाणी?"

"नुसतं पाणी."

"किती भरणार?"

मला हसू आलं. म्हणालो, "मावेल तेवढं." त्या हसल्या नाहीत. चष्म्याची एक काडी मोडलेली होती, तिथं तांब्याची तार वळवून बसवलेली. त्या तारेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "पाणी उकळायचं तर मंग भांडंच हाय की ते. द्या पत्रा."

मी परळीच्या वीज केंद्रात तीस वर्षं बायलरवर नोकरी केली. तिथला बायलर म्हणजे दहा मजली इमारत. तिच्या पोटात कोळसा जळतो, भिंतींमधून पाणी वर चढतं, त्याची वाफ होते. घरी येताना कपड्यांवर राख आणि कानात घरघर. माझी बायको सुमन लग्नानंतर वर्षभरातच विचारायला लागली, "तुमी तिथं करता तरी काय?" मी सांगत आलो. बटणं, काटे, दाब, तापमान. तिला ते कधी पटलं नाही. निवृत्तीनंतर मनात आलं, वीतभर उंचीचा तांब्याचा बायलर घरीच करावा, वाफेवर छोटं चाक फिरवून दाखवावं आणि हा प्रश्न एकदाचा मिटवावा.

पण मोठ्या बायलरवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला छोट्या बायलरचं झाकण जमेना. तांब्याची गोल चकती घ्यायची आणि तिचा काठ ताटलीसारखा चारी बाजूंनी सारखा वळवायचा, एवढंच काम. पहिल्या चकतीला सुरकुत्या पडल्या. दुसरीला चीर गेली. मग कुणीतरी सांगितलं, बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बाई लग्नातल्या स्वयंपाकाच्या मोठ्या देगींना कल्हई करतात, त्यांना विचारा.

दुकान म्हणजे एक खोली. दाराशी पत्र्याचं छप्पर, त्याखाली जमिनीत खणलेली भट्टी, तिला विजेचा पंखा जोडलेला. भिंतीला टेकून माणूस बसेल एवढाल्या देगी. आपा त्यांना मालकाच्या गावावरून ओळखत. "ती घाटनांदूरवाली, तिचा बूड लई पातळ झालाय. ही दर्ग्याची, हिला कुणी धड घासत न्हाई." आपा बसायच्या त्या उलट्या घातलेल्या एका फुटक्या देगीवर. साठी ओलांडलेली, बारीक बांधा, डोक्यावरून ओढणी घट्ट बांधलेली. मनगटं मात्र पैलवानाची.

माझ्या चिरलेल्या चकतीवर त्यांनी नख फिरवलं.

"कितींदा तापवली?"

"एकदा. लालभडक केली होती."

"मंग ठोकत बसला."

"हो."

"थकवली तुमी तिला," त्या म्हणाल्या. "लोखंड कसं हाय, तापलेलं असतंय तवरच ऐकतंय. तांबं तसं न्हाई. एकदा तापवून पाण्यात टाकलं की थंडपणीबी ऐकतंय. पण किती? पन्नास हातोड्या. लई झालं तर साठ. मंग म्हणतंय, बस. त्याच्यापुढं मारली की चिरतंय. परत शेक द्यायचा, परत पन्नास."

हे मला ठाऊक होतं, म्हणजे वाचलेलं होतं. पण पन्नासावी हातोडी कुठली, ते पुस्तकात नसतं. आपा मोजत नसत. बाभळीच्या गोल ठोकळ्यावर चकती धरून लाकडी मोगरीनं काठाला हलके टोले घालत, चकती बोटाबोटानं फिरवत. मध्येच थांबत. मला काहीच फरक दिसायचा नाही. विचारलं तर म्हणत, "आवाज चढला न तिचा. भांडायला लागली." मग चकती निखाऱ्यांवर, तिथून पाण्यात, तिथून चिंचेच्या कोळात. काळी पडलेली चकती कोळातून गुलाबी होऊन निघे. ती चुलीच्या राखेनं घासायची. आमच्या केंद्राची राख परळीत गच्चीगच्चीवर पडते, फुकट मिळते. मी एकदा तीच आणून दिली. आपांनी चिमूट बोटांत चोळली आणि फुंकून दिली. "बारीक लई हाय. पण हिच्यात जीव न्हाई."

त्या एका झाकणाला सात वेळा शेक लागला. आठव्या दिवशी त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. काठावर एक सुरकुती नव्हती. मी नकाशा काढून पट्टीनं मापायला लागलो, तशा त्या उठून आत चहा ठेवायला गेल्या. मापण्याचा त्यांना राग नव्हता, पण बघवत नसावं.

आपांच्या घरी हे काम पिढीजात होतं ते नवऱ्याच्या बाजूनं. नूरमियाँ नावाजलेले कारागीर. लग्न होऊन आल्या तेव्हा आपांचं काम भाता ओढायचं आणि वाळूत उभं राहून पायांनी देगी घासायचं. पुढं नूरमियाँचा उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर जाईना. दवाखाने झाले, नवस झाले. घरात तीन मुली. एका दुपारी आपांनी दार लोटून घेतलं आणि एका देगीचा पोचा आतून ठोकून काढला. नूरमियाँनी बघितलं. आणि ठोकळा दोन बोटं डावीकडं सरकवून दिला.

"तितूनच शिकले," आपा म्हणाल्या. "ते सांगायचे, मी करायची. पण गिऱ्हाइकाला कसं सांगावं? बाईनं ठोकलेली देग कोण नेणार? मंग आमी पडदा लावला."

पडद्यामागं आपा काम करत. आणि नूरमियाँ बाहेर छपराखाली बसून डाव्या हातानं एका जुन्या झाकणावर टोले घालत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, कारीगर कामात आहे. आतला टोला आणि बाहेरचा टोला एका तालात पडायला हवेत, नाहीतर लोकांना संशय यायचा. सहा वर्षं त्या दोघांनी असं केलं.

"कधी चुकायचा का ताल?" मी विचारलं.

"भांडण झालं की चुकायचा," आपा म्हणाल्या. "मी आत जोरात, ते बाहेर त्याच्याहून जोरात. गल्लीतले लोक म्हणायचे, नूरमियाँ आज लई कामात हायेत."

हे सांगताना त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मग ओढणीच्या टोकानं काच पुसत म्हणाल्या, "ते गेले तेव्हा लोक म्हणले, कारीगर गेला. चौथ्या दिवशी देगी उचलून न्यायला लागले. मी दारात उभी, कुणाकुणाला सांगू?"

वर्षभर दुकानात काम नव्हतं. मग घाटनांदूरचा एक आचारी आला. त्याला दुसऱ्याच दिवशी मोठ्या लग्नाचा स्वयंपाक होता, देगीचा कान तुटलेला, आणि दुसरीकडं कुणी घेईना. आपांनी त्याच्यासमोर, पडदा बाजूला करून, कान बसवला. तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "नूरमियाँच्या हातची देग माझ्याकडं धा वर्षं हाय. हा टोला तोच हाय, आपा." त्या दिवशी पडदा निघाला तो निघालाच.

एक मात्र होतं. जे भांडं चुलीवर चढणार नाही ते त्या करत नसत. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं दाराशी मांडायला सहा देगी मागितल्या, ठोक्यांची नक्षी बाहेरून, आतून कल्हई नको. "कल्हई कावून नको?" "शिजवायचं थोडंच हाय आपा, शोभेला हायेत." आपांनी त्याला चहा पाजला आणि पाठवून दिला. माझं काम त्यांनी घेतलं ते पाणी उकळणार होतं म्हणून, हे मला तेव्हा कळलं.

वरचं-खालचं अशी दोन्ही झाकणं झाली, त्यांच्यामधला पिंपासारखा नळा झाला, मधोमध धूर जायची नळी झाली. आता सगळं जोडायचं. इथं कथील चालत नाही, चांदीचा झाळ लागतो. चांदीची सळी मी सराफाकडून आणली, टाकणखार लावून आपांनी झाळकाम केलं. बायलर तयार झाला की आधी त्यात गच्च थंड पाणी भरून पंपानं दाबतात. चालवायच्या दाबाच्या दुप्पट. फुटला तर पाणीच सांडतं, माणूस भाजत नाही. मी दुकानातच पंप जोडला. काटा चढत गेला आणि वरच्या झाकणाला धुराची नळी जिथं मिळते तिथं पाण्याचा एक मणी उभा राहिला.

"ठेवून जा," आपा म्हणाल्या. "परवा या."

परवा गेलो. पंप मारला. काटा दुप्पट दाबावर दहा मिनिटं हलला नाही. आपा देगीवर बसून माझ्याकडं बघत होत्या. मी खूश होऊन बायलर उचलला, उजेडात धरला, आणि त्या सांध्याशी मला जरा निराळी चमक दिसली. खिशातल्या टाचणीनं खरवडलं. टाचणी लोण्यात जावी तशी गेली.

"आपा, हे कथील आहे."

"हां. गळत होतं. आता गळत न्हाई."

"पण याच्याखाली जाळ असणार. कथील वितळणार."

त्यांचा चेहरा बदलला. "मला सांगता, कथील वितळतंय म्हणून? चाळीस वर्षं तेच वितळवते मी. देगीखाली केवढा जाळ असतोय, बघितलाय? माझी कल्हई कधी उतरली न्हाई. आत पाणी हाय तवर कथलाला काय होत न्हाई."

हे अगदी खरं होतं.

"आणि पाणी संपलं तर?"

"पाणी संपेपर्यंत जो बघत न्हाई, तो आचारी न्हाई."

मला तिथंच थांबता आलं असतं. घरी नेऊन गुपचूप दुसरीकडून सांधा करून घेता आला असता. पण परळीच्या नोकरीच्या आधी मी दुसऱ्या गावी एका लहान कारखान्यात होतो. तिथं एका रात्रपाळीला माझा डोळा बायलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवरून पाच मिनिटं हटला. माझ्या सोबत्याचा हात कोपरापासून खाली वाफेनं भाजला. त्याचं लग्न ठरलेलं होतं. हे मी सुमनलासुद्धा नीट सांगितलेलं नाही. आपांना सांगितलं. मग बायलर आडवा धरून बोटानं दाखवलं, "हे बघा. पाणी इथपर्यंतच भरायचं, पाऊण. वरची जागा वाफेला मोकळी. हा तुमचा सांधा पाण्याच्या वर आहे. इथं पाणी कधीच नसणार. आणि नळीतून जाळ मात्र इथूनच जाणार."

आपांनी बायलर माझ्या हातातून घेतला. नळीतून आरपार बघितलं. बोट आत घालून पाण्याची उंची अंदाजली, मग त्या सांध्याला लावली. भट्टीचा पंखा तेवढा घुमत होता.

"हे मला कावून न्हाई सांगितलं?" त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच विचारलं होतं मी तुमाला. किती भरणार. तुमी हसले."

नकाशात पाण्याची रेघ मी काढली होती. त्या नकाशा वाचत नाहीत हे पहिल्या मिनिटाला कळूनही कधी बोट ठेवून दाखवली नव्हती.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"चूक भांड्याची तर न्हाई न," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

चार दिवस मी त्या गल्लीत फिरकलो नाही. पाचव्या दिवशी सुमननं दार उघडलं तर आपा उभ्या. आमच्या घरी पहिल्यांदाच. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. फडकं सोडलं. आत नवं वरचं झाकण होतं, काठ वळवलेलं, नळीसाठी भोक पाडलेलं. आणि पितळेच्या डबीत कापून काढलेलं जुनं झाकण.

"त्याला कथील लागलं, आता चांदी धरणार न्हाई," त्या मला म्हणाल्या. "म्हणून नवं केलं. उद्या चांदी घेऊन या. आणि तो कागद आणा. सगळा सांगा मला. कुठं पाणी, कुठं वाफ, कुठं जाळ. सगळा."

दुसऱ्या दिवशी आम्ही नकाशा जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर हातोड्या ठेवल्या. तीस वर्षांत मी कितीतरी नव्या माणसांना बायलर शिकवला. इतके नेमके प्रश्न कुणी विचारले नव्हते. "वाफ जास्त झाली तर जाणार कुठून?" मी झडप दाखवली. "ती अडकली तर?" मी म्हणालो, म्हणून मोठ्या बायलरला दोन असतात. त्यांनी कागदावर बोट आपटलं. "मंग हिला एकच कावून?" आमच्या बायलरला दोन झडपा आहेत. नकाशात एकच होती.

यावेळी मणी आला नाही. पंपाच्या काट्याकडं आपांनी बघितलंच नाही. त्या वरच्या सांध्यावर कोरडं बोट ठेवून बसल्या होत्या.

बायलरला पाटी हवी. कुठल्याही बायलरवर बनवणाऱ्याचं नाव आणि चालवायचा दाब कोरलेला असतो, त्याशिवाय तो पेटवत नाहीत. पितळेची पट्टी मी कापून नेली आणि विचारलं, कुणाचं नाव घालायचं. मला वाटलं होतं, नूरमियाँचं म्हणतील.

"यांचं नाव चाळीस वर्षं होतं की सगळ्यावर," आपा म्हणाल्या. "ह्याच्यावर माझं घाला."

"मी मशीननं कोरून आणतो."

"मशीन कशाला? मी घालते."

भांड्यांवर नावं घालायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. हुंड्याची भांडी, देवळाची भांडी, पंगतीची भांडी. अक्षर येत नव्हतं, पण कुणी कागदावर लिहून दिलं की बघून टिंबाटिंबानं ठोकून देत. एक काना इकडचा तिकडं होत नसे. मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, मैमूना. त्यांनी पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"असं दिसतंय होय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच विचारलं, "हे वरचे दोन म्हणजे काय?"

"दोन मात्रा. मै."

"दोन कावून?"

"मे नाही, मै."

"बरोबर हाय," त्यांनी मान डोलावली. पट्टी ठोकळ्यावर ठेवली, टोचा टेकवला आणि हातोडी उचलून तशीच धरून ठेवली. मग टोले पडायला लागले, बारीक, सारख्या अंतरानं. मात्रा दोन्ही आल्या.

बायलर आम्ही आमच्या अंगणात पेटवला, एका रविवारी सकाळी. आपा खास इस्त्रीची ओढणी घालून आल्या होत्या. सुमननं पोहे केले होते, पण कुणाचं खाण्यात लक्ष नव्हतं. पाऊण पाणी आपांनी स्वतः भरलं, मापून. खाली स्पिरिटचा दिवा. आधी काहीच नाही. मग पोटात खुडबुड, मग काटा हलला, आणि मी तोटी सोडली तसं टोकाचं चाक आधी अडखळत आणि मग गर्रकन फिरायला लागलं. माझे डोळे भरून आले. मी सुमनकडं बघितलं.

ती वाकून दिव्याकडं बघत होती, मग चाकाकडं, मग परत दिव्याकडं.

"म्हंजे तीस वर्षं तुमी पाणीच तापवत होता!" ती म्हणाली.

"मी हेच म्हणलं होतं यांना," आपा म्हणाल्या. दोघी एकमेकींकडं बघून अशा हसल्या की शेजारची माणसं भिंतीवरून डोकावायला लागली. पण हसताना आपांची नजर वरच्या सांध्यावरून हलली नव्हती. दिवा विझला, चाक थांबलं, सुमन पोहे गरम करायला आत गेली, तरी त्या तिथंच. बायलर हाताला सोसेल इतका निवल्यावर त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडं बघितलं आणि मगच बशी हातात घेतली.

दीड वर्षानं त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धाकटी मुलगी उदगीरला असते. ती म्हणाली, अम्मी, आता भट्टीसमोर बसायचं नाही, माझ्याकडं चला. खोलीचा मालकही बदलला होता. आपा फारसं न बोलता तयार झाल्या. आम्ही दोघं परळी स्टेशनवर त्यांना सोडायला गेलो. सुमननं वाटेसाठी धपाटे बांधून दिले. मुलीनं कपड्यांची बॅग धरली होती, आणि फलाटावर तीन गोणपाटाची बोचकी होती. मी एक उचलायला गेलो, जागचं हललं नाही.

"यात काय आहे आपा?"

"ठोकळे. मोगऱ्या. कथील. दुसऱ्यात ऐरण हाय, तिला हमालच लागंल."

मुलीनं माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. "सांगा हो काका तुम्ही तरी. डॉक्टरांनी काय सांगितलंय, हिला कळत नाही."

मी म्हणालो, "आपा, आता तिकडं या सगळ्याचं काय करणार?"

नव्या काळ्या चष्म्यातून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कावून? तिकडं लोकं जेवत न्हाईत का?"

गाडी आली. दोन हमालांनी मिळून ऐरण चढवली. आपा मागोमाग चढल्या आणि आम्ही खिडकी गाठेपर्यंत आत वाद सुरू झाला होता. समोरच्या बाईनं सीटखाली आपलं सामान ठेवलं होतं, आणि आपांना ऐरण तिथंच हवी होती, मधल्या वाटेत कुणाच्या पायाला लागली असती. सुमननं "आपा, येतो आम्ही" म्हणून दोनदा हाक मारली. गाडी हलली. आपांनी आमच्याकडं बघितलं नाही. त्या वाकून, दोन्ही हातांनी ऐरण सरकवत, त्या बाईला सांगत होत्या, "पाय वर घे माय, जरासा पाय वर घे."